जुनं डायनिंग टेबल नव्यानं रंगवताना: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकमध्ये चांगलं जुनं लाकडी सामान अजून मिळतं. जुन्या नाशकातला एखादा वाडा उतरवला जातो, देवळाली कॅम्पातला बंगला रिकामा होतो, ओझरच्या एचएएल वसाहतीतलं किंवा तोफखान्याच्या छावणीतलं कुटुंब बदलीच्या गावी निघतं, सिडकोतल्या घराचं नूतनीकरण होतं आणि आईवडिलांनी हौसेनं घेतलेलं सहा खुर्च्यांचं टेबल गच्चीवर जाऊन बसतं. यातलं बरंचसं सामान आणखी एक पिढी सहज वापरेल इतकं दणकट असतं. वरचा थर गेलेला असतो, एवढंच.

हे काम स्वतः करणारे किंवा कारागिराकडून करून घेणारे लोक जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: डबा उघडण्याआधी खाली कोणतं लाकूड आहे आणि त्यावर कोणता थर बसलेला आहे, हे कळलं पाहिजे. ते न कळता लावलेला महागडा रंगही वर्षभरात सुटतो.

जुना सेट विकत घेताना काय बघायचं?

टेबल उलटं करा. वरची बाजू विकणाऱ्यानं पुसून चकचकीत केलेली असते, खालची बाजू खरं सांगते. खाली सहसा पॉलिश नसतं, त्यामुळे लाकूड, प्लाय की एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) हे तिथे दिसतं. सांध्यांत नंतर ठोकलेले खिळे आहेत का, लोखंडी पट्ट्या मारल्या आहेत का, कुठे बारीक पिठासारखा भुसा साचलाय का, हे बघा.

मग टेप काढा. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर आणि खुर्चीच्या बैठकीची ४५ सेंटिमीटर असते. दोन्हींत सुमारे ३० सेंटिमीटरचं अंतर असलं की नीट जेवता येतं. टेबल एका घरातलं आणि खुर्च्या दुसऱ्या घरातल्या असतील तर हे माप नक्की घ्या. रंग जुळवता येतो, उंची जुळवणं कठीण जातं.

गोदाकाठच्या भागातून सामान येत असेल तर पायांचा खालचा भाग नीट तपासा. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात तिथल्या कितीतरी घरांत आणि दुकानांत पाणी शिरलं होतं. पुरात भिजलेलं सागवान नीट वाळलं तर सावरतं. प्लायचे पापुद्रे सुटतात आणि एमडीएफ फुगतं ते कायमचंच. पायावर आडवी गडद रेघ, कुबट वास आणि तळाशी उघडलेले सांधे दिसले तर भाव करताना ते लक्षात ठेवा.

विकणारा सागवान म्हणतोय. खरं कसं ओळखू?

टेबलाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं (घासायच्या खरखरीत कागदानं; नंबर जितका मोठा तितका तो बारीक) थोडं घासा. ताजं सागवान सोनेरी तपकिरी दिसतं, मधूनमधून गडद रेषा असतात, हाताला किंचित तेलकट लागतं आणि चामड्यासारखा वास येतो. एकदा हा वास नाकात बसला की पुढे पेपर हातात घ्यायच्या आतच अंदाज येतो. शिसम जास्त जड आणि गडद असतं, त्यात जांभळट काळ्या रेघा दिसतात. रबरवुड फिकट, पिवळसर असतं आणि त्यात बोटांसारखे एकमेकांत अडकवलेले छोट्या तुकड्यांचे जोड दिसतात. रेडिमेड सेटमध्ये ते खूप वापरतात.

व्हिनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, ओळखायला कडा बघा. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर लाकूड सलग आहे. कडेला वेगळीच पट्टी चिकटवलेली असेल तर वर व्हिनियर असण्याची शक्यता जास्त. व्हिनियर वाईट नसतं, चांगल्या सुतारांनीही ते वापरलंय. पण त्याचा थर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणून मशीननं घासायचं नाही. एका जागी मशीन क्षणभर रेंगाळलं तरी खालचा प्लाय उघडा पडतो आणि तो पुन्हा झाकता येत नाही.

स्टेन लावू, पॉलिश करू की सरळ रंगवून टाकू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर लाकूड बघितल्याशिवाय देऊ नये.

स्टेन लाकडात मुरतो आणि त्याचा रंग बदलतो. रेषा दिसत राहतात. पण तो संरक्षण देत नाही, त्यामुळे त्यावर पारदर्शक थर लागतोच. पॉलिश, मग ते चपडा लाखेचं असो, मेलामाइन असो की पीयू (पॉलियुरेथेन), हा तो संरक्षक थर. पेंट लाकूड पूर्ण झाकतो.

टेबलाचा वरचा भाग सलग सागवानाचा किंवा शिसमाचा असेल तर तो रंगानं झाकू नका, असं मी आग्रहानं सांगते. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याच्या बाजूला सागाचं जंगल आहे, तरीही तसं जुनं, सावकाश वाढलेलं, घट्ट रेषांचं लाकूड आज नवीन घ्यायला गेलात तर ते सहजी मिळत नाही, आणि मिळालंच तर किंमत ऐकून माणूस परत येतो. तुमच्या घरात ते आयतं आहे. त्याला वर येऊ द्या.

रबरवुड, आंबा, बाभूळ, जागोजागी तुकडे लावून दुरुस्त केलेलं लाकूड, एमडीएफ, चार घरांतून जमवलेल्या न जुळणाऱ्या खुर्च्या, हे सगळं रंगवायला उत्तम. तिथे रंग वस्तूला एकत्र आणतो.

या दोन्हींच्या मधला रस्ता मला सर्वांत जास्त आवडतो: टेबलाचा वरचा भाग स्टेन आणि पारदर्शक थरात, पाय आणि खालची चौकट रंगात. खुर्च्यांचे पाय आणि पाठ रंगवलेली, हाताची जागा लाकडी. वर वॉलनट छटेचा स्टेन आणि खाली मळकट पांढरा किंवा गडद हिरवा रंग चांगला दिसतो. लाकडाच्या पायांना चपला, झाडू, फरशी पुसायचा मॉप रोज लागत असतो. रंगाला पडलेला टवका दोन बोटं रंग लावून दुरुस्त होतो, पॉलिशचा टवका इतक्या सहज लपत नाही.

सासरे म्हणतात सागवानाला रंग लावायचा नाही. मला मात्र ते पांढरंच हवंय. दोघांचं समाधान होईल असं काही?

होय, आणि तुमच्या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आधी उघड्या लाकडावर चपडा लाखेचे दोन पातळ हात द्या, वाळू द्या, मग प्रायमर आणि रंग लावा. लाखेचा थर मध्ये असला की रंग सागाच्या उघड्या छिद्रांत खोल उतरत नाही. पुढे कधी रंग काढायचा झाला तर बराच सोपा निघतो. याचा दुसरा फायदा पुढच्या उत्तरात येतो.

सागवानावर पांढरा रंग दिला, तर आठवड्यात पिवळट डाग वर आले. का?

लाकडातली टॅनिनं (नैसर्गिक तुरट, रंगीत द्रव्यं) आणि तेलकट द्रव्यं रंगातून वर येतात. सागात ती भरपूर असतात. पाण्यावर आधारित प्रायमरमध्ये हा त्रास जास्त होतो, कारण पाणी ती द्रव्यं विरघळवून वर आणतं. रंगाचे आणखी चार हात दिलेत तरी डाग पुन्हा दिसतील. रंग पूर्ण वाळल्यावर २२० च्या पेपरनं हलकं घासा, मेण काढलेल्या चपडा लाखेचा किंवा डाग रोखणाऱ्या प्रायमरचा एक हात सगळीकडे द्या आणि मग पुन्हा पांढरा लावा. फक्त डागापुरतं लावलंत तर शेजारून दुसरा डाग निघतो.

टेबलावर आधी काय लावलंय हे कसं कळणार?

कापसावर थोडं स्पिरिट घ्या आणि खालच्या कडेला मिनिटभर दाबून ठेवा. थर चिकट झाला, कापसाला तपकिरी रंग आला तर ते चपडा पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर तीच परीक्षा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरच्या थिनरनं करा. थर मऊ पडला तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही तर मेलामाइन, पीयू किंवा जुना तेलाचा व्हार्निश असणार.

नाशिकच्या जुन्या घरांतल्या टेबलांवर चपडा पॉलिश बऱ्याचदा सापडतं. ते सापडलं तर आनंद माना, कारण ते दुरुस्त करायला सर्वांत सोपं आहे. नवीन हात जुन्यात विरघळून एकजीव होतो.

म्हणजे जुना थर पूर्ण काढलाच पाहिजे असं नाही?

नाही. रंगवायचं असेल आणि जुना थर घट्ट असेल तर धूळ-तेल धुऊन, १८० किंवा २२० च्या पेपरनं चमक मारली की पुरे. जुनं चपडा पॉलिश नुसतं मळलं असेल तर साबणाच्या ओलसर फडक्यानं पुसून, वाळवून, वर दोन-तीन नवे हात द्यायचे.

स्टेनसाठी मात्र उघडं लाकूडच हवं. जिथे जुना थर शिल्लक आहे तिथे स्टेन मुरत नाही आणि टेबल चट्ट्यापट्ट्याचं दिसतं. थर काढायला पॉलिशवाले तुटलेल्या काचेच्या धारेनं खरवडतात. सवय असलेल्या हातात ती काच अप्रतिम काम करते. सवय नसेल तर पोलादी स्क्रेपर घ्या. पेंट रिमूव्हर वापरलात तर खिडक्या उघड्या, हातात जाड रबरी मोजे, आणि काम शक्यतो गच्चीवर.

कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं टेबल धुऊन घ्यायचा सल्ला कुणी दिला तर नाही म्हणा. काम झटपट होतं हे खरं. पण सागवान त्यानं काळवंडतं, सांध्यातला गोंद कमजोर होतो, आणि सोडा नीट निघाला नाही तर नवा थर महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटतो.

खुर्च्यांवर जुना ऑइल पेंट आहे. घासून काढू का? घरात लहान बाळ आहे.

कोरडं घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तुमच्या खुर्च्या त्याच्या कितीतरी आधी रंगवलेल्या असतील. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते आणि ती फरशीवर, गादीवर, खेळण्यांवर बसते.

रंग घट्ट असेल तर पाण्यातल्या पेपरनं ओलं घासून चमक घालवा, निघालेला चिखल फडक्यानं टिपा, फडकं पिशवीत बांधून टाका आणि वर नवा रंग द्या. सुटत असेल तर रिमूव्हरनं मऊ करून खरवडा. हीट गन अशा रंगावर वापरू नका, धुरातून शिसं श्वासात जातं. काम संपेपर्यंत बाळ आणि गरोदर बाई त्या जागेपासून लांब हवीत. यात सवलत घेऊ नका.

घासायला कोणते पेपर आणू?

उघड्या लाकडाला ८० किंवा १०० पासून सुरुवात, मग १२०, १८०. स्टेन लावायचा असेल तर १८० वर थांबा. त्याहून गुळगुळीत केलंत तर लाकूड स्टेन कमी शोषतं आणि रंग फिका येतो. रंगाच्या दोन हातांमध्ये ३२०, शेवटच्या पारदर्शक हाताआधी ४००. कायम रेषांच्या दिशेनं. आडवे ओरखडे घासताना दिसत नाहीत, स्टेन पडला की एकूणएक दिसतात.

स्टेन ठिपक्याठिपक्यानं बसतो. एकसारखा कसा येईल?

फिकट, मऊ लाकडात हा त्रास जास्त. आधी अगदी पातळ चपडा लाखेचा एक हात द्या, २२० नं हलकं घासा, मग स्टेन. सागवानाला हे सहसा लागत नाही, पण सागाचं तेल स्टेनला आणि वरच्या थराला नीट धरू देत नाही. म्हणून लावायच्या थोडं आधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या.

स्टेन फडक्यानं लावा, एका वेळी एकच भाग, आणि दोन-तीन मिनिटांत जादाचा पुसून काढा. थांबलेला स्टेन चिकट होतो आणि वरचा थर त्यावर धरत नाही. गडद हवा असेल तर वाळल्यावर दुसरा हात. पाण्याचा स्टेन असेल तर त्यानं लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून आधी नुसत्या ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून, हलकं घासून घ्यायचं.

दुकानातल्या कार्डावरच्या रंगावर भरवसा ठेवू नका. ते वेगळ्या लाकडावर काढलेलं असतं. टेबलाखाली हातभर जागेत लावून, वर पारदर्शक हात देऊन, दिवसाउजेडी आणि रात्रीच्या दिव्यात असं दोनदा बघा. डायनिंगच्या पिवळ्या दिव्याखाली महोगनी छटा फार लाल दिसते.

आणि भेगांत लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरला असेल तर तिथे स्टेन घेणार नाही, फिकट ठिगळ दिसेल. स्टेननंतर, त्याच रंगाची लांबी (भेगा भरायची पुट्टी) करून भेगा भरा.

टेबलावर गोल पांढरे डाग आहेत. काळेही आहेत. हळदीचे तर विचारूच नका.

पांढरा गोल डाग म्हणजे गरम भांड्याखालची वाफ पॉलिशच्या थरात अडकलेली. लाकूड खाली ठीक असतं. चपडा पॉलिश असेल तर फडकं स्पिरिटनं जेमतेम ओलसर करून, न थांबता, वरच्यावर फिरवा. थर क्षणभर सैल होतो आणि ओल निघून जाते. फडकं जास्त ओलं झालं तर पॉलिशच निघेल.

काळा डाग खोल असतो. लोखंडी तवा, खिळा, कुंडीखालची ओल, यांतलं लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून तो तयार होतो. तो घासून जात नाही, घासत बसलात तर खड्डा पडतो. थर काढल्यावर ऑक्झॅलिक ॲसिड लागतं: लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम. डागापुरतं नव्हे, संपूर्ण पृष्ठभागावर लावा, नाहीतर डागाच्या जागी गोरा चट्टा दिसेल. वाळल्यावर साध्या पाण्यानं तीन-चार वेळा धुवा. हे विषारी आहे. हातमोजे, मास्क आणि चष्मा घाला, स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका, आणि धुवायच्या आधी ते कोरडं घासू नका.

हळदीचा डाग सर्वांत सोपा. हळदीचा रंग उन्हात उडतो. टेबल दोन-तीन दिवस गॅलरीतल्या उन्हात ठेवा, बराचसा जाईल. मिसळीच्या तर्रीचा डाग हळद आणि तेल असा दुहेरी असतो. तेलासाठी टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसा, चॉक पावडर पसरून रात्रभर ठेवा, मग ऊन द्या.

वरचा पारदर्शक थर कोणता घ्यावा?

घरातलं जेवण कसं चालतं यावर ठरवा. गरम कुकर, सांडलेली आमटी, लहान मुलं, रोज ओल्या फडक्यानं पुसणं, असं असेल तर वरच्या भागाला पीयू. उष्णता, पाणी, तेल सगळं तो बऱ्यापैकी सोसतो. मेलामाइनही टिकाऊ आहे, पण त्याचा वास डोळ्यांत झोंबणारा आणि खोलीत बरेच दिवस राहणारा असतो.

चपडा पॉलिशसारखी ऊब दुसऱ्या कशाला नाही, असं मला मनापासून वाटतं. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यापासून ही लाख मिळते. लिटरभर स्पिरिटला १५० ते २५० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवायचा, गाळायचा आणि सुती कापडाच्या बोळ्यानं पातळ हात देत जायचं. पण ती उष्णतेनं मऊ पडते आणि अल्कोहोलनं विरघळते. कोरोनानंतर घरोघरी आलेल्या हँड सॅनिटायझरनं टेबलांवर पडलेले चट्टे मी खूप पाहिले आहेत. म्हणून खुर्च्यांना, साइडबोर्डला, काचेच्या कपाटाला चपडा आणि टेबलाच्या वरच्या भागाला पीयू, अशी वाटणी करा. भिजवलेली लाख फार दिवस ठेवू नका. थेंबभर काचेवर टाकून बघा. काही तासांनीही चिकट राहिला तर ती लाख टाकून द्या.

दोन डब्यांतलं, हार्डनर मिसळायचं पीयू घरात स्प्रे करू नका. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा लागू शकतो आणि साधा कापडी मास्क तिथे उपयोगाचा नाही. घरी ब्रशनं लावायचं, एका डब्यातलं घ्या.

टेबलाला वरून जितकी काळजी देता तितकीच खालूनही द्या. एकाच बाजूला थर असला की दोन्ही बाजू हवेतली ओल वेगवेगळ्या वेगानं घेतात आणि फळी वाकते. खाली निदान एक-दोन हात हवेतच.

नाशिकच्या हवेत हे काम कधी करावं?

दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. हवा कोरडी, ऊन सौम्य. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पीयू आणि ऑइल पेंट सावकाश वाळतात, म्हणून सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळनंतर हात देऊ नका.

एप्रिल-मेच्या उन्हात रंग ब्रशखालीच ओढायला लागतो आणि रेघा राहतात. पहाटे काम करा. याच दिवसांत लाकूड आकसतं आणि फळ्यांमधल्या फटी रुंदावतात. त्या फटी मे महिन्यात कडक लांबीनं भरू नका. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगतं, भरलेली लांबी बाहेर फेकली जाते किंवा फळीच दुसरीकडे तडकते.

जून ते सप्टेंबर टाळा. पावसाळी हवेत स्पिरिट किंवा थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि पॉलिश दुधाळ होतं. करणं भागच असेल तर कोरडा, उघडीप असलेला दिवस बघा. लाकूड दुरुस्त करणं आणि सांधे आवळणं ही कामं पावसाळ्यात खुशाल करा, शेवटचे हात मात्र ऑक्टोबरसाठी ठेवा.

वर सनमायका आहे. त्यावर स्टेन चालेल?

नाही. स्टेनला मुरायला लाकूड लागतं. रंगवता येईल: २२० च्या पेपरनं सगळी चमक घालवा, चिकटणारा प्रायमर द्या, मग रंग. पण जेवणाच्या टेबलावर ताटांच्या रोजच्या घर्षणानं तो झिजेल. सनमायका कोपऱ्यातून सुटत असेल तर ती काढून खाली काय आहे ते बघा. कधी साधा प्लाय निघतो, कधी चांगली सागाची फळी.

खुर्च्या डुगडुगतात. रंगाआधी काय करू?

खिळा ठोकू नका. जुन्या खुर्चीत एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं असतं आणि गोंद वाळून सैल झालेला असतो. रबरी हातोडीनं सांधा मोकळा करा, दोन्ही बाजूंचा जुना गोंद खरवडून काढा, फेव्हिकॉल लावून बसवा आणि शिकंज्यात किंवा पीळ दिलेल्या दोरीनं चोवीस तास आवळून ठेवा. जुना गोंद तसाच ठेवला तर नवा लाकडाला धरत नाही. खुर्ची सपाट फरशीवर ठेवूनच आवळा, नाहीतर ती तिरकी वाळेल.

बैठका वेताच्या आहेत आणि तुटल्या आहेत.

देवळालीच्या जुन्या बंगल्यांतून येणाऱ्या खुर्च्यांत हे नेहमीचं. आधी लाकडाचं सगळं काम संपवा, वेत शेवटी विणून घ्या. वेताला ऑइल पेंट लावू नका, तो कडक होऊन तुटतो. बैठक नुसती सैल पडली असेल तर खालून ओल्या फडक्यानं भिजवून सावलीत वाळवा, ताणून बसते. रेक्झिनच्या गादीची बैठक सहसा खालच्या चार स्क्रूंवर असते. ती काढूनच रंगवा.

लाकडात बारीक भोकं आहेत. कीड चालू आहे का जुनी?

भोकांखाली काळा कागद पसरा आणि आठवडाभर हलवू नका. ताजी पूड पडली तर कीड जिवंत आहे. लाकूड संरक्षक द्रव इंजेक्शनच्या सिरिंजनं प्रत्येक भोकात सोडा, वर मेण किंवा लांबी भरा, दोन-तीन आठवडे थांबून पुन्हा तपासा. तोवर ते घरातल्या बाकीच्या लाकडापासून दूर ठेवा. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तिचा बंदोबस्त टेबलापुरता करून भागत नाही, घराचाच करावा लागतो.

फ्लॅटमध्ये काम करायचंय. काय जपू?

वास आणि धूळ लोकांना आठवते, आग आठवत नाही. जवसाचं तेल किंवा तेलाचा स्टेन पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, काडी न लावता. तेल वाळताना उष्णता तयार होते आणि बोळ्यात ती कोंडते. प्रत्येक फडकं उलगडून दोरीवर मोकळं वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा, मगच कचऱ्यात. स्पिरिट आणि थिनरच्या कामाच्या वेळी गॅस, देवघरातलं निरांजन, उदबत्ती बंद. हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

सामान किती लागेल?

एक लिटर ऑइल पेंट एका हाताला साधारण ८ ते १० चौरस मीटर जातो. पाच बाय तीन फुटांचं टेबल दोन्ही बाजूंनी मिळून तीन चौरस मीटरच्या आत येतं, म्हणजे वरच्या भागाला तीन हात दिले तरी लिटरभर पुरतं. खुर्च्या फसवतात. दिसायला लहान, पण कड्या, पाठीच्या पट्ट्या, पाय मिळून एक खुर्ची बराच रंग खाते आणि वेळ त्याहून जास्त.

दिवाळीत पाहुणे येणार आहेत. किती आधी सुरू करू?

शेवटचा हात दिवाळीच्या दोन आठवडे आधी पडला पाहिजे, त्यावरून मागे मोजा. हाताला कोरडं लागणं आणि थर पक्का होणं यांत फरक आहे. पीयूला पक्कं व्हायला आठवडा लागतो, ऑइल पेंटला त्याहून जास्त. त्याआधी टेबलक्लॉथ किंवा वर्तमानपत्र ठेवलंत तर चिकटतं आणि गरम पातेल्याचा ठसा कायमचा उमटतो. वेळ कमी असेल तर यंदा फक्त खुर्च्या करा.

पॉलिशवाल्याला द्यायचं ठरवलंय. त्याला काय विचारू?

जुना थर कसा काढणार, खालच्या बाजूला हात देणार का, कोणतं उत्पादन वापरणार आणि डबा तुमच्यासमोर उघडणार का, हे चार प्रश्न. नमुना टेबलाखालीच काढून मागा. चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खूश होतो. आणि त्यानं हवामान बघून आठ दिवस मागितले तर ते द्या. घाई करवून घेतलेलं पॉलिश तो पुन्हा येऊन करून देईल, पण सगळं घासून काढावं लागेल.

नंतर रोज कसं पुसायचं?

ओलसर, पिळलेल्या फडक्यानं, लगेच कोरड्यानं. व्हिनेगर, लिंबू, भांड्यांचा खरखरीत स्क्रबर नको. गरम भांड्याखाली बस्कर हवंच, पीयू असलं तरीही. खोबरेल तेल चोळू नका, ते वाळत नाही आणि धूळ धरून ठेवतं.

उरलेलं थिनर आणि स्टेनचं काय करू?

ब्रश धुतलेलं थिनर झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा. दोन दिवसांत गाळ खाली बसतो, वरचं स्वच्छ थिनर पुढच्या वेळी ब्रश धुवायला चालतं. मोरीत किंवा गटारीत ओतू नका. गाळ भुशात किंवा वाळूत मुरवून, मोकळ्या हवेत पूर्ण वाळवून, घातक कचऱ्यासाठी वेगळ्या पिशवीत द्या. स्टेनचा डबा घट्ट बंद करून सावलीत ठेवा आणि डब्यावर कोणत्या लाकडावर किती हात दिले ते लिहा. दोन वर्षांनी एखादी खुर्ची खरचटली की हीच नोंद कामाला येते.